भटकी कार्टी आवरायची कशी? अमेरिकेतल्या छोट्या किराणा दुकानासाठी उपायांची तुलना

माझ्या आतेभावाचं कॅलिफोर्नियात, बे एरियात, भारतीय किराण्याचं दुकान आहे. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा त्यानं तोही घेतला आणि वीसच्या जागी चाळीस शॉपिंग कार्ट आणली. तेव्हापासून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा ठरलेला निरोप येतो, "आज चार कार्टी पळाली." इंग्रजीतल्या कार्टचं अनेकवचन मराठीत इतकं चपखल बसेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सकाळी दुकानाच्या दाराशी शहाण्यासारखी एकात एक घुसून उभी असतात, संध्याकाळी बघावं तर एक बसस्टॉपवर, एक ओढ्याच्या पुलाखाली, एक कुणाच्या तरी गॅरेजसमोर. मीही या लेखात तोच शब्द ठेवते, एक कार्टं आणि अनेक कार्टी.

मग शहराच्या कोड एन्फोर्समेंटकडून, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या खात्याकडून, पत्र आलं. कार्टी आवाराबाहेर जाऊ नयेत म्हणून तुम्ही काय करणार आहात ते लेखी कळवा. मी छोट्या दुकानांचे हिशेब लिहिते, त्यामुळे पत्र आपसूक माझ्याकडे आलं. महिनाभर कायदा वाचला, विक्रेत्यांना फोन केले, दोन शनिवार भावाच्या मिनिव्हॅनमधून कार्टी गोळा करत हिंडले. दुकान काढण्याच्या किंवा वाढवण्याच्या बेतात असलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहिते आहे.

कायदा धरतो कुणाला

कॅलिफोर्नियाचा राज्यस्तरीय कायदा "बिझनेस अँड प्रोफेशन्स कोड"मध्ये कलम २२४३५ पासून पुढे आहे. (लाँड्रीतल्या कपड्यांच्या गाड्याही त्याच कलमात बसवल्या आहेत, का कोण जाणे.) तो दोन बाजूंनी पकडतो. गिऱ्हाइकाच्या बाजूनं बघितलं तर दुकानदाराची वस्तू त्याच्यापासून दूर ठेवण्याच्या हेतूनं कार्टं आवाराबाहेर नेणं हा गुन्हा आहे. दूर ठेवणं कायमचं असलं पाहिजे असं नाही, तात्पुरतंही चालतं. "उद्या परत आणून ठेवतो की," हा बचाव कागदावर तरी डळमळीतच.

प्रत्यक्षात गिऱ्हाइकामागे कोणी धावत नाही. फोन येतो तो दुकानदाराला. बेवारस कार्टं सापडलं की शहर मालकाला कळवतं, आणि कळल्यापासून कामाचे तीन दिवस त्याच्या हातात असतात. तेवढ्यात उचललं नाही तर शहर ते जप्त करून आपल्या कोठारात ठेवू शकतं आणि झालेला खर्च वसूल करू शकतं. आधी उचलून मग कळवायची मुभाही शहराला आहे. पण मग चोवीस तासांत कळवावं लागतं, आणि कळवल्यापासून कामाच्या तीन दिवसांत नेलंत तर फुकट सोडावं लागतं. कार्टं रुग्णवाहिकेच्या किंवा बंबाच्या वाटेत असेल तर कुणी कुणाची वाट बघत नाही. तीस दिवसांत सोडवून नेलं नाही तर शहर ते विकू शकतं किंवा भंगारात घालू शकतं.

आता दंड. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त वेळा कार्टी मुदतीत उचलली नाहीत, तर चौथ्या वेळेपासून प्रत्येक वेळी जास्तीत जास्त ५० डॉलर. आणि एका दिवसात जप्त झालेली सगळी कार्टी मिळून एकच वेळ धरतात, मग ती दोन असोत की आठ. म्हणजे सहा महिन्यांत बारा वेळा चूक झाली, तर पहिल्या तीन सोडून नऊ गुणिले ५०, झाले ४५० डॉलर. भावाला मी हा आकडा सांगितला तेव्हा तो खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "मग एवढा आटापिटा कशाला? भरतो की!"

पण दंड हा या हिशेबातला सगळ्यात किरकोळ भाग आहे. कार्ट्याची किंमत माप आणि बनावटीप्रमाणे बदलते. समजा १५० डॉलर धरली, तर महिन्याला तीन हरवली की वर्षाला ५,४०० डॉलर गेले. शिवाय जप्तीचा खर्च वेगळा, आणि शनिवारी संध्याकाळी दाराशी एकही कार्टं नसल्यामुळे हातात टोपली घेऊन अर्धीच खरेदी करून जाणारं गिऱ्हाईक वेगळं. ते तर कुठल्या वहीत दिसतही नाही.

या कायद्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पाटी. कार्ट्यावर कायमची बसवलेली पाटी हवी. तिच्यावर मालकाचं नाव, परवानगी घेऊन न्यायचं असेल तर काय करायचं, विनापरवानगी नेणं हा गुन्हा आहे ही सूचना, आणि परत करण्यासाठी फोन नंबर किंवा पत्ता. आधी कळवणं आणि तीन दिवसांची सवलत हे सगळं पाटी असलेल्या कार्ट्यासाठी आहे. भावानं वाढीव वीस कार्टी एका बंद पडलेल्या दुकानाच्या लिलावातून घेतली होती. त्यांच्यावर अजून जुन्या दुकानाचं नाव आणि बंद पडलेला फोन नंबर होता. शहरानं फोन कुणाला करायचा?

शहरांच्या दोन तऱ्हा

काही शहरं राज्याच्या कायद्यावरच भागवतात. कार्टं सापडलं की कळवायचं, उचललं नाही की पैसे मागायचे. बाकीची शहरं आधीच दारात येतात. कार्टी किती, पाट्या आहेत का, दारावर सूचना लावली का, नोकरांना काय सांगितलं आहे, बाहेर गेलेली कोण आणि किती दिवसांनी आणणार, हे सगळं आराखड्यात लिहून मंजूर करून घ्यायचं. आमचं पत्र हे दुसऱ्या तऱ्हेचं. अशा ठिकाणी बऱ्याचदा कार्ट्यांच्या संख्येवर पायरी ठरते. मोजकी असतील तर पाट्या आणि गोळा करायची सोय चालते, जास्त असतील तर चाकाला कुलूप किंवा तसलं काही मागतात. संख्या धरताना दुकानाच्या आतली आणि बाहेरची दोन्ही मोजली जाऊ शकतात. म्हणून नवीन कार्टी घेण्याआधी आपल्या शहराचं आजचं कलम काढून तो आकडा बघा. वीसवरून चाळीसवर उडी मारण्यापूर्वी आम्ही तेवढं केलं असतं तर तिसावर थांबलो असतो.

दुकानदाराच्या नजरेतून पहिली तऱ्हा सोयीची वाटते, कारण सुरुवातीला काहीच खर्च नाही. माझं मत उलट आहे. आराखडा लिहायला बसलं की माणूस एकदाचा कार्टी मोजतो. आम्ही मोजली तेव्हा चाळीसपैकी एकतीस भरली.

इंग्लंडमध्ये दुकान असेल तर गणित थोडं निराळं. तिथं १९९० च्या एन्व्हायर्नमेंटल प्रोटेक्शन ॲक्टचं कलम ९९ आणि परिशिष्ट ४ आहे, पण कौन्सिलनं ठराव करून ते आपल्या हद्दीत लागू करावं लागतं. मग कौन्सिल बेवारस ट्रॉली उचलते, चौदा दिवसांच्या आत मालकाला नोटीस देते, सहा आठवडे सांभाळते आणि त्यानंतर विकते. २००५ च्या दुरुस्तीनंतर तर मालक न्यायला आला नाही तरी खर्च त्याच्याकडून मागता येतो. तिथली चांगली गोष्ट अशी की दुकानदारानं कौन्सिलशी गोळा करण्याचा करार केला असेल, तर करारातल्या ट्रॉल्यांसाठी हा खर्च मागत नाहीत. जो स्वतः उचलतो तो सुटतो. कॅलिफोर्नियाचे तीन दिवस तरी दुसरं काय सांगतात?

नेतं कोण?

उपाय विकणारे सगळे "चोरी" हा शब्द वापरतात. पहिल्या शनिवारी मी भावाबरोबर हिंडले तेव्हा नऊ कार्टी मिळाली, आणि त्यातली सहा एकाच अपार्टमेंट संकुलात होती. पत्रपेट्यांच्या भिंतीला टेकून नीट ओळीनं लावलेली. एकात लहान मुलाच्या बैठकीवर कोथिंबिरीच्या जुडीचा निळा रबर अडकला होता. दुसऱ्याच्या तळाशी वर्तमानपत्र अंथरलं होतं, बहुधा आट्याची पिशवी जाळीत फाटू नये म्हणून. हे चोराचं काम नव्हे, हे संसारी माणसाचं काम.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून एक काका खाली आले. डोक्याला कानटोपी, पायात पांढरे बूट, हातात सातवं कार्टं. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले होते, सांगलीकडचे. गाडी चालवत नाहीत, मुलगा-सून कामावर, आणि घरात आटा संपलेला. वीस पौंडांची पिशवी खांद्यावर टाकून पाऊण मैल चालायचं का या वयात? "मी परत आणतोच हो," ते म्हणाले, "दर मंगळवारी आणतो. विचारा तुमच्या पोराला." पोरानं, म्हणजे काउंटरवरच्या मुलानं, नंतर ते खरं असल्याचं सांगितलं. मंगळवारपर्यंत मात्र ते कार्टं बेवारसच असतं, आणि कामाचे तीन दिवस गुरुवारपासून मोजले तर मंगळवारी संपतात.

भारतात हा प्रश्न का दिसत नाही, असं मला भाऊच विचारत होता. पुण्यात सुपरमार्केटच्या दाराशी गार्ड असतो हे खरं, पण गार्ड नसता तरी कार्टं लांब गेलं नसतं. आपल्या फुटपाथवरून ते शंभर फूट ढकलून दाखवावं कुणी. इथं फुटपाथ गुळगुळीत, प्रत्येक कोपऱ्यावर उतार. कार्टं आपणहून घरंगळत घरी जातं.

उरलेल्या दोनपैकी एक ओढ्यात आडवं पडलं होतं, चाकं वर. दुसरं पुलाखाली होतं, आमचीच पाटी असलेलं. त्यात ताडपत्री, दोन पिशव्या, एक पाण्याचा कॅन, आणि शेजारी झोपलेला माणूस. भाऊ थबकला. कार्टं त्याचं, पण आतला संसार त्याचा नाही. या बाबतीत लॉस एंजेलिसच्या स्किड रो या बेघरांच्या वस्तीतला एक खटला प्रसिद्ध आहे. रस्त्यावर राहणाऱ्यांनी थोडा वेळ ठेवून गेलेलं सामान शहरानं उचलून नष्ट केलं, आणि २०१२ मध्ये नवव्या सर्किटच्या (पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या) केंद्रीय अपील न्यायालयानं शहराविरुद्ध कौल दिला. तिथली काही कार्टी तर समाजसेवी संस्थांनीच दिलेली होती. निकाल शहराला उद्देशून आहे, आतेभावाला नाही. पण शहाण्यानं त्यातून घ्यायचं ते घ्यावं. आम्ही तिथून निघालो आणि ते कार्टं वहीतून वजा केलं.

उपाय निवडताना मी हाच आकडा समोर ठेवला. नवातली सात आपल्याच गिऱ्हाइकांनी नेलेली, तीही चालत येणाऱ्या, पुन्हा पुन्हा येणाऱ्या. तुमच्या दुकानात हे प्रमाण वेगळं असेल. एक शनिवार हिंडा, मग पुढचं वाचा.

चाकाचं कुलूप

सगळ्यात चर्चेतला आणि सगळ्यात महाग उपाय. पार्किंगच्या कडेनं डांबरात बारीक चीर पाडून तार पुरतात आणि तिच्यातून कमी वारंवारतेची लहर सोडतात. कार्ट्याच्या एका चाकात बॅटरी आणि ब्रेक असतो. तार ओलांडली की ब्रेक लागतो आणि ते चाक फिरायचं थांबतं. सोडवायला नोकराकडे छोटा रिमोट. गेटकीपर आणि रोकाटेक ही या धंद्यातली मोठी नावं. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तुम्ही ते पाहिलं असेल, पार्किंगच्या टोकाला पिवळी रेघ आणि "यापुढे चाक अडेल" अशी पाटी.

अडवण्याचं काम हा उपाय खरोखर करतो. उचलून किंवा फरपटत नेणारे असतात, पण वीस पौंड आट्यासकट कोण फरपटवेल? आराखडा मागणाऱ्या शहराला दाखवायलाही हा सगळ्यात भारदस्त.

आमच्या बाबतीत घोडं जागेवर अडलं. दुकान आहे सामाईक प्लाझात. सलून, दाताचा दवाखाना, पिझ्झावाला आणि आम्ही. पार्किंग सगळ्यांचं, डांबर जागामालकाचं. पूर्ण प्लाझाच्या कडेनं तार टाकायची तर मालकाची लेखी परवानगी हवी, चिरा पाडायला हव्यात, आणि पुढच्या वेळी त्यानं डांबरीकरण केलं की तार तुटणार. तो खर्च कुणाचा, हे आधी लीजमध्ये लिहून घ्यावं लागेल. फक्त आपल्या दुकानासमोर तार टाकली तर पिझ्झावाल्यापाशी गाडी लावलेल्या गिऱ्हाइकाचं चाक मध्येच अडणार. मी स्वतः एका मोठ्या दुकानात हा अनुभव घेतला आहे. कडेला गाडी, कार्ट्यात दूध आणि रडणारा भाचा, आणि चाक ठप्प. रिमोटवाला मुलगा येईपर्यंत दहा मिनिटं मी त्या पिवळ्या रेघेकडे बघत उभी होते. त्या दुकानाचं जे नाव मी घेतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शिवाय बॅटऱ्या बदलायच्या, अडलेलं चाक ओढून ओढून एका बाजूनं घासतं ते बदलायचं. विक्रेत्याचं कोटेशन घेताना तार, चाकं, वार्षिक देखभाल आणि डांबर उखडल्यावरची दुरुस्ती असे चार आकडे वेगळे मागा. आम्हाला आलेल्या कोटेशनमध्ये चौथा आकडा नव्हताच. विचारल्यावर आला, आणि मग भावानं चहा घेतला नाही.

नाण्याचं कुलूप

आल्डी या स्वस्त सुपरमार्केटमध्ये गेलेल्यांना हे माहीत आहे. कार्टी साखळीनं एकमेकांत अडकलेली असतात. क्वार्टर, म्हणजे २५ सेंटचं नाणं, घातला की एक सुटतं, परत आणून अडकवलं की क्वार्टर परत. चाकाच्या कुलपापेक्षा खूप स्वस्त, तार नाही, बॅटरी नाही, जागामालकाची परवानगी लागत नाही.

पण ते सोडवतं ते वेगळंच दुखणं. पार्किंगमध्ये इकडे तिकडे सोडलेली कार्टी आणून ठेवायला नोकर लागू नये म्हणून ते आहे. जो घरी नेणार आहे त्याच्यासाठी २५ सेंट म्हणजे मंगळवारपर्यंतचं भाडं, आणि इतकं स्वस्त भाडं बे एरियात दुसऱ्या कशालाच नाही. काकांना मी गमतीनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मग तर बरंच, हक्कानं नेईन."

आणखी एक अडचण आमच्या गिऱ्हाइकांची. खिशात नाणं असतं कुणाच्या? सगळे फोननं किंवा कार्डानं पैसे देतात. मग काउंटरवर "जरा क्वार्टर द्या हो" असं चालू होतं, आणि कॅशवरचा मुलगा दिवसभर सुटे वाटत बसतो. आल्डीचं गिऱ्हाईक वर्षानुवर्षांच्या सवयीनं गाडीत क्वार्टर ठेवतं. ती सवय आपल्या एका दुकानासाठी लागायची नाही. चाकाचं कुलूप आणि नाण्याचं कुलूप यांत केवळ किंमत बघून दुसरं घेणार असाल तर थांबा, ती एकमेकांना पर्याय नाहीत.

दांडा आणि खांब

कार्ट्याला उंच दांडा बसवायचा म्हणजे ते दाराच्या चौकटीला अडतं आणि दुकानाबाहेरच जात नाही. दाट वस्तीतल्या छोट्या दुकानांत चालतं. भारतीय किराण्यात नाही. तांदूळ, आटा, नारळ, दोन डझन फ्रोझन पराठे घेऊन गिऱ्हाइकानं गाडीपर्यंत कसं जायचं?

दारापुढे लोखंडी खांब रोवायची कल्पना भावाची. ती दोन मिनिटांत बाद झाली. अपंगांसाठीच्या नियमांप्रमाणे व्हीलचेअरची वाट साधारण ३६ इंच मोकळी हवी, एखाद्या ठिकाणी अरुंद झाली तरी ३२ च्या खाली नाही. आमचं कार्टं मोजलं, २३ इंच. व्हीलचेअर जाईल त्या फटीतून कार्टं शीळ घालत जाईल.

गोळा करणं: ठेका की स्वतः

पळालेली परत आणायची हा उपाय कमीपणाचा वाटतो, जणू आपण हार मानली. पण कायद्याचं सगळं गणित तीन दिवसांवर उभं आहे, आणि ते थेट सोडवणारा हा एकच.

कार्टी गोळा करणाऱ्या कंपन्या आहेत. किराणा व्यापाऱ्यांच्या संघटनेनं उभी केलेली कॅलिफोर्निया शॉपिंग कार्ट रिट्रीव्हल कॉर्पोरेशनसुद्धा आहे. ट्रक हिंडतो, सापडेल ते उचलतो, दुकानात आणून टाकतो. मोठ्या दुकानाला हे उत्तम. लहान दुकानानं एकच प्रश्न विचारावा, आमच्या भागात फेरी किती दिवसांनी? आठवड्यातून एकदाच असेल तर तीन दिवस निघून जातात आणि ठेक्याचे पैसे देऊन वर शहराचाही खर्च भरावा लागतो. आठवड्यातून दोन फेऱ्या करारात लिहून मिळत असतील तरच घ्या.

स्वतः करणं स्वस्त पडतं, पण त्यात मेख आहे. भावानं शेजारच्या पिकअपवाल्या मुलाला "कार्ट्यामागे पाच डॉलर देतो" असं तोंडी सांगून टाकलं होतं. कायद्याप्रमाणे हा धंदा करणाऱ्याकडे मालकाचं लेखी अधिकारपत्र असावं लागतं आणि गाडीवर ओळखीची पाटी लागते. पिकअपमध्ये सहा दुकानांची कार्टी घालून फिरताना पोलिसानं थांबवलं तर त्या मुलानं काय दाखवायचं? पाच डॉलरचा मेसेज? म्हणून एकतर आपल्याच नोकरानं आपल्याच गाडीतून आपलीच आणावीत, किंवा नीट कागद करून द्यावा. दुसऱ्या दुकानाचं कार्टं वाटेत दिसलं तर त्यावरच्या नंबरवर फोन करावा, उचलू नये.

घडीची गाडी

हा उपाय कुठल्याच विक्रेत्याच्या यादीत नव्हता. वहिनीनं काढला. चालत येणाऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना दोन चाकांची घडीची गाडी घेतलेल्या भावात द्यायची. आणि ज्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठीच आलेत त्यांना ती नाव लिहून उसनी, जाताना परत. वीस पौंडांचा आटा, भाजी आणि दुधाचा गॅलन तिच्यात बसतो, जिन्यावरून ओढता येते आणि दाराआड उभी राहते.

पुलाखालच्या कार्ट्यावर याचा काही परिणाम नाही, ओढ्यातल्यावरही नाही. पण पत्रपेट्यांपाशी लावलेल्या सहांवर आहे, आणि नेणारा माणूस गिऱ्हाईक म्हणून टिकतो. चाकाचं कुलूप काकांना पिवळ्या रेघेवर अडवतं. अडलेले काका पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात जातात, जिथं रेघ नाही.

१९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमननं आपल्या दुकानांत पहिली कार्टी आणली तेव्हा लोक त्यांना हात लावेनात. बायकांना ती बाबागाडीसारखी वाटली, पुरुषांना दुबळेपणाची. शेवटी त्यानं पैसे देऊन माणसं आणली, नुसती कार्टी ढकलत दुकानात फिरायला. वहिनीनं हे ऐकल्यावर दुसऱ्याच दिवशी सासूबाईंना लाल घडीची गाडी देऊन त्या अपार्टमेंटच्या बागेत फिरायला पाठवलं. चार बायकांनी कुठं मिळते म्हणून विचारलं.

तर घ्यायचं काय

स्वतःचं, कुंपण घातल्यासारखं वेगळं पार्किंग असेल, कार्टी शंभराच्या घरात असतील, किंवा शहर प्रत्यक्ष अडवणारी यंत्रणाच मागत असेल, तर चाकाचं कुलूप घ्या आणि देखभालीचा करार नीट वाचा. गिऱ्हाईक गाडीतून येतं, कार्टी घरी जात नाहीत पण पार्किंगभर विखुरतात, तर नाण्याचं. कार्टी घरीही जात असतील आणि विखुरतही असतील, तर आधी घरी जाणाऱ्यांचं बघा.

सामाईक प्लाझातलं, आमच्यासारखं तीस-चाळीस कार्ट्यांचं दुकान असेल तर मी आधी पाट्यांवर पैसे घालीन, मग घडीच्या गाड्यांवर, मग दर सोमवारी आणि गुरुवारी मिनिव्हॅनच्या फेरीवर. या क्रमानं आराखडा लिहून आम्ही शहराला दिला आहे. जागामालकालाही तारेबद्दल पत्र टाकून ठेवलं आहे, पुढेमागे शहरानं सक्ती केली तर त्याचं उत्तर हाताशी असावं म्हणून.

नवीन पाट्या छापायला गेल्या तेव्हा त्यांवर फोन नंबर कुणाचा यावरून घरात दोन दिवस चाललं. दुकानाचा नंबर रात्री आठनंतर कोणी उचलत नाही. भावाचा नंबर भाऊच उचलत नाही. शेवटी उरलेल्या सगळ्या कार्ट्यांवर वहिनीचा नंबर गेला, आणि पहिला फोन रविवारी सकाळी पावणेसातला आला. ग्रंथालयाच्या पायऱ्यांपाशी एक कार्टं उभं होतं.